पायाचा भाता

हात जाऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्यात गावानं तिचं नावही बदलून टाकलं होतं. आधी ती पेटीवाली होती. होती लोहाराची बायको, पण लोहारीण तिला कुणी म्हणत नसे, कारण शाळेत रोज सकाळी मुलांच्या गाण्याला पेटी वाजवायची तीच. आता तिला थोटी म्हणत. तोंडावर 'बाई, बाई' करत आणि पाठ फिरली की थोटी. नाव ठेवायला कुणाला काय कोळसा जाळावा लागतो? आपण मात्र तिला पेटीवालीच म्हणू.

हात गेला तो असा. एका गाडीवाल्याची जाड सळई तोडायची होती. लाल झालेली सळई ऐरणीवर, तिच्यावर पेटीवालीनं डाव्या हातानं धरलेली छिन्नी, आणि घण लोहाराच्या हातात. सासू भात्यावर. गाडीवाला दारात उभा राहून कुणाच्या तरी फजितीची गोष्ट सांगत होता. गोष्ट रंगात आली, लोहाराला हसू फुटलं, त्यानं मान वळवली. घण तेव्हा वर होता. खाली आला तो छिन्नीवर आला नाही.

मोठ्या दवाखान्यात मनगटापासून हात काढला. ती शुद्धीवर येऊन घरी परतेपर्यंत गावभर गोष्ट पोचली होती, पण ती वेगळीच. 'तिचं लक्ष गाण्यात होतं. गुणगुणत होती. नादात हात मधे घातला.' लोहारानं ती पहिल्यांदा दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरला सांगितली, मग हेडमास्तरांना, मग दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला. चार वेळा सांगितल्यावर त्याचा स्वतःचाच त्या गोष्टीवर विश्वास बसला. गाडीवाला गप्प राहिला, कारण हसवलं त्यानंच होतं. सासू गप्प राहिली, कारण सासू होती. आणि पेटीवाली गप्प राहिली, कारण आधी तिच्यात बोलायचं बळ नव्हतं, आणि बळ आलं तोवर लोकांचं ऐकून झालं होतं.

लोहार काही राक्षस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. दवाखान्यात तो तीन दिवस जेवला नाही. पण ज्याचा घण चुकतो त्याच्यासमोर छिन्नी कोण धरणार? त्याची सगळी इभ्रत त्या घणात होती. ती वाचवायला त्यानं बायकोचं लक्ष विकलं.

आता पेरणी तोंडावर आली होती. दुकानासमोर फाळांचा ढीग, कोयते, खुरपी, गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा. उजाडायच्या आत भट्टी पेटायची आणि अंधार पडेपर्यंत विझायची नाही. छिन्नी धरायला लोहारानं आपल्या चुलतभावाला बोलावलं होतं आणि पेटीवालीला भात्यावर बसवलं होतं. "भाता ओढायला एक हात पुरे," तो म्हणाला होता. तसं ते खरंच होतं. साखळी ओढायची, सोडायची, ओढायची, सोडायची. दुपारपर्यंत खांदा भरून यायचा. घाम डोळ्यांत उतरायचा आणि पुसायला हात मोकळा नसायचा, म्हणून ती तुटक्या मनगटानं कपाळ पुसायची. फाळ घेऊन आलेली माणसं ते बघायची आणि पटकन दुसरीकडे बघायची.

"गरम झालं नाही अजून," लोहार ओरडायचा. "झोपलीस का?"

"झोपले नाही."

"मग गाण्यात असशील."

चुलतदीर हसायचा. पेटीवाली साखळी अशी ओढायची की निखारे बाहेर उडायचे.

पेटी आतल्या खोलीत फळीवर होती, पोत्याखाली. पंधरा दिवसांनी शाळा उघडणार होती. एका सकाळी तिनं साखळी सासूच्या हातात दिली, पदर नीट केला आणि हेडमास्तरांच्या घरी गेली.

हेडमास्तर ओसरीवर वहीला कव्हर घालत होते. "या बाई, या. बसा. कसं आहे आता?" म्हणताना त्यांचे डोळे पदराखालच्या मनगटावर गेले आणि तिथून हलेनात.

"बरं आहे. शाळा उघडली की मी येते. पेटी वाजवायला."

हेडमास्तरांनी कात्री खाली ठेवली. "अहो, कशाला त्रास घेता? स्पीकर आणलाय आपण. बटण दाबलं की गाणं लागतं."

"मुलं त्याच्या मागे पळतात. तो मुलांसाठी थांबत नाही."

"असं कसं... आणि लहान मुलं आहेत, घाबरतात बिचारी. पेटीला दोन हात लागतात, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"पेटीला एकच हात लागतो," ती म्हणाली. "दुसरा भात्याला लागतो. भात्याचं मी बघते."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कटकट नको होती आणि दयाळूही दिसायचं होतं, त्यामुळे ते अडकले. शेवटी म्हणाले, "बरं, शाळा उघडेल त्या दिवशी वाजवून दाखवा. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर मात्र हा विषय पुन्हा नको."

"नाही काढणार."

त्याच दिवशी तिनं पेटी खाली काढली. आधी मनगटाला चामड्याचा पट्टा बांधून भाता ढकलून बघितला. पुढे ढकलला जायचा, पण मागे येताना पट्टा सरकायचा आणि जखमेची कातडी सोलायची. तिसऱ्या दिवशी पेटीच्या पाठीवर रक्ताचा डाग पडला. मग सासूला भात्यावर बसवलं. सासूचा जन्म भट्टीच्या भात्यावर गेलेला. तिनं एकच दणका दिला आणि पेटी अशी किंचाळली की बाहेर चुलतदिराच्या हातून सांडशी पडली.

"हळू, आई. ही भट्टी नाही."

"मग हवा लागतेच कशाला?" म्हणत सासूनं हळू ओढायला घेतलं, पण मधेच तिला काहीतरी आठवायचं. "अगं, तेल संपलंय का?" असं म्हणायला ती थांबली की सूरही थांबायचा. पेटीवालीनं पेटीच्या पट्ट्यांवरून हात काढून घेतला. आपला सूर दुसऱ्याच्या आठवणीवर लटकलेला तिला चालणार नव्हता.

पाय उरला होता. भट्टीवर बसल्या बसल्या तिनं ते सगळं डोक्यात बांधलं. पेटी उंच चौकटीवर ठेवायची. खाली लोखंडी पायटा. पायट्यापासून दोरी, ती कप्पीवरून भात्याला. पाय दाबला की भाता मिटेल, सोडला की स्प्रिंगनं उघडेल. दुपारी तिनं कोळशाच्या कांडीनं जमिनीवर चित्र काढून लोहाराला दाखवलं.

लोहारानं चित्राकडे बघितलं आणि क्षणभर त्याचा चेहरा बदलला. हातात कसब असलेल्या माणसाला चांगलं काम समोर आलं की भूक लागते तसं होतं. तो उकिडवा बसला. "इथं बिजागरी नको, खीळ घाल. बिजागरी कुरकुरेल. पायटा जुन्या धावेतून काढता येईल. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मग द्या करून."

त्यानं कांडी खाली टाकली. "देतो. पण एक आहे. शाळेत चार माणसं येतील, विचारतील. त्यांना तू सरळ सांगायचं, 'चूक माझीच होती, माझं लक्ष गाण्यात होतं.'"

ती उठून उभी राहिली.

"आजवर तू नाही म्हणाली नाहीस, पण हो पण म्हणाली नाहीस," तो आवाज खाली आणून म्हणाला. "लोक तुझ्या तोंडाकडे बघतात. हा माझा भाऊसुद्धा छिन्नी धरताना डोळे मिटून घेतो. एकदा तुझ्या तोंडून निघालं की मिटलं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पेरणी होईपर्यंत मला सवड नाही."

"नका करू," ती म्हणाली आणि पायानं चित्र पुसून टाकलं. हात घेतला तो घेतला, वर पावती मागतोय!

दुपारी जेवून लोहार आणि चुलतदीर लिंबाखाली पडत. तेवढा तास भट्टी तिची. भंगारातून तिनं धावेचा तुकडा ओढून काढला. बसच्या मोडक्या सीटची एक स्प्रिंग होती, विहिरीची टाकून दिलेली कप्पी होती. पण लाल लोखंड धरायचं आणि ठोकायचं, दोन्ही एका हातानं होत नाही. ती ऐरणीजवळ हातोडा घेऊन नुसतीच उभी होती, तेव्हा सासू उठली. काही न बोलता सांडशी घेतली आणि तुकडा भट्टीतून काढून ऐरणीवर धरला.

पेटीवालीनं घाव घातला. धावेचा बाक सरळ व्हायला लागला. चार घाव, पुन्हा भट्टीत, पुन्हा चार घाव. सासूचे हात म्हातारे होते, पण सांडशी हलत नव्हती.

"मी बघितलं होतं," सासू एकदम म्हणाली.

"मला माहीत आहे. तुम्ही समोरच होतात."

"त्यानं मान वळवली."

"मग बोलला का नाहीत?"

"मुलगा आहे माझा."

"आणि मी?" पेटीवालीनं हातोडा खाली आदळला. "मी कोण? दवाखान्यात माझ्या उशाशी बसून तुम्ही मला घास भरवत होतात, आणि बाहेर व्हरांड्यात तो काय सांगतोय ते तुम्हाला ऐकू येत होतं. तो घास माझ्या घशाखाली कसा गेला असेल?"

सासूनं लोखंड पुन्हा भट्टीत घातलं आणि स्वतःच भाता ओढायला लागली. माफी मागायची तिला सवय नव्हती. पेटीवालीला तिचा राग आला आणि तिच्याशिवाय चालणारही नव्हतं, याचा जास्त राग आला.

पाच दुपारी लागल्या. पायटा जाड झाला, चौकट एका बाजूला झुकली, खालून पाचर मारावी लागली. लोहार येता-जाता बघायचा आणि बोलायचा नाही. खीळ तिनं चुकीच्या जागी ठोकली तेव्हा मात्र त्याच्या तोंडून "अगं, तिथं..." एवढं निघालंच. ती वळली तसा तो पाणी प्यायला गेला.

आणि खरी फजिती त्यानंतर सुरू झाली. लोहाराच्या घरातलं पाऊल ते, त्याला ठोक्याची सवय. गाण्याचा ठेका पडला की पायही त्याच ठेक्यावर दाबायचा, आणि प्रत्येक ठेक्याला सूर फुगायचा, मग बसायचा. गाणं खड्ड्यातून चालल्यासारखं वाटायचं. डाव्या हातानं हे कसं केलं होतं ते तिला आठवेना, कारण डाव्या हातानं ते कधी विचारून केलंच नव्हतं. पायाला आता शिकवावं लागणार होतं, की बाबा, तुझा ठेका वेगळा, बोटांचा वेगळा. बोटं पळू देत, तू सावकाश श्वास घे.

पहाटे भट्टीच्या आधी ती तासभर बसायची. अनवाणी पायाच्या चवड्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. पोटरीत गोळे यायचे. एकदा तर तिनं रागानं पायट्यावर अशी लाथ मारली की दोरी तुटली. मग ती जमिनीवर बसून, दात आणि एका हातानं दोरीला गाठ मारत रडली. दातांत दोरी धरून नीट रडतादेखील येत नाही.

"भट्टी थंड पडलीय आणि ही पायानं नाचतेय," लोहार बाहेरून ओरडला.

"भट्टीला माझा एक हात चालतो ना?" तिनं आतून विचारलं. "दिवसभर चालतो. मग पेटीला का चालत नाही ते सांगा, आणि मग ओरडा."

बाहेरून कोळसा फोडल्याचा आवाज यायला लागला.

शाळा उघडायच्या आदल्या पहाटे सूर सपाट निघाला. एका दमात, न फुगता, न बसता. तिनं पुन्हा वाजवून बघितलं. मग उठून भात्यावर गेली, कारण फाळवाले दारात येऊन बसले होते.

शाळा उघडली त्या दिवशी तिनं आणि सासूनं चौकट हातगाडीवर घातली. लोहारानं चाकाखालचा दगड काढला नाही, तो सासूनं काढला. अंगणात मुलं रांगेत उभी होती, भिंतीकडेला त्यांचे आईबाप. त्यातली निम्मी दुकानाची गिऱ्हाइकं. चौकट उतरवली तसं कुणीतरी म्हणालं, "हे काय, शिवणाचं मशीन आणलंय काय थोटीनं?" लोक हसले. तिनं ऐकलं, आणि पेटी चौकटीवर ठेवून दोरी बांधली.

स्पीकर बाकावर तयार होता. हेडमास्तरांनी मान हलवली. तिनं पाय पायट्यावर ठेवला, एक श्वास भरून घेतला आणि सूर धरला.

"उजेड आला अंगणी, उठा उठा रे सोबती..."

पहिल्या ओळीला मुलं गायलीच नाहीत, तिच्या पायाकडेच बघत राहिली. तिनं ओळ पुन्हा घेतली. तेव्हा पुढच्या रांगेतली दोनचार गायली, मग सगळी. मागच्या रांगेनं घाई केली तेव्हा तिनं सूर लांबवून त्यांना थांबवलं. दुसऱ्या कडव्यात एक पट्टी चुकली, ती तिला बोचली, बाकी कुणाला कळली नाही. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. तिच्या पाठीवरून घामाची धार चालली होती आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तो घाम तिला स्वतःचा वाटला.

इथं हेडमास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. पण शाळेचा पहिला दिवस आणि समोर एवढी माणसं! ते पुढे आले. "मुलांनो, बघितलंत? जिद्द म्हणतात ती ही. आणि यातून अजून एक शिका. काम करताना लक्ष कामातच हवं. बाईंचं लक्ष त्या दिवशी गाण्यात होतं, आणि केवढी मोठी किंमत..."

"नाही," पेटीवाली म्हणाली.

हेडमास्तरांनी वळून बघितलं.

"माझं लक्ष छिन्नीवर होतं. मी गुणगुणत नव्हते, आणि हात मधे घातला नव्हता. घण आमच्या ह्यांच्या हातात होता. त्यांनी हसताना मान वळवली आणि घण चुकला." तिचा आवाज चढला होता, तो तिनं चढू दिला. "मुलांना शिकवायचं तर खरं ते शिकवा. गाण्यानं माझा हात नेला नाही."

भिंतीकडेला गाडीवाला उभा होता. लोकांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं चपलेच्या टोकानं माती उकरली.

"मी भात्यावर होते," सासू हातगाडीजवळून म्हणाली. "ती सांगते तसंच झालं." एवढं बोलून तिनं तोंडावर पदर घेतला.

हेडमास्तरांनी बाकावरचा स्पीकर उचलून काखेत घातला आणि म्हणाले, "उद्या साडेसातला या बाई. वेळेवर."

ती घरी पोचली तोवर बातमी पोचून दुकानात बसलीसुद्धा होती. सहा-सात माणसं होती. गाडीची जाड सळई भट्टीत लाल झाली होती आणि लोहार घण घेऊन उभा होता. चुलतदिराच्या हातात सांडशी होती. छिन्नी जमिनीवर पडली होती.

"धर म्हणतो ना," लोहार म्हणाला.

"सळई धरतो, दादा," चुलतदीर खाली बघत म्हणाला. "छिन्नी नाही धरणार."

लोहारानं दारात उभ्या बायकोला बघितलं. त्याचा चेहरा भट्टीसारखा झाला होता. त्यानं घण बाजूला फेकला, छिन्नी उचलली, चुलतदिरानं ऐरणीवर ठेवलेल्या सळईवर ती डाव्या हातानं टेकवली.

"ये. गावासमोर बोलायला जीभ आहे ना? आता हातोडा घे. मी धरतो, तू मार. बघू तुझा नेम. आणि गाणं म्हण बघू! गाणं म्हणत मार."

"अरे, काय बोलतोस!" सासू मागून ओरडली. एक म्हातारा फाळवाला मधे पडायला उठला.

पेटीवाली आत आली. हातोडा उचलला. इतके दिवस भाता ओढून ओढून उजवा खांदा असा झाला होता की हातोडा हलका लागला. ऐरणीवर त्याचा डावा हात होता, केसाळ, पाच बोटांचा. तिला त्या हाताचा राग होता, आणि आपला नेम चुकावा असं तिला वाटलंच नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल. तिला वाटलं, आणि ते वाटलेलं तिला स्पष्ट कळलं.

तिनं मोठ्यानं, सुरात गायला सुरुवात केली. "उजेड आला अंगणी..." हातोडा वर गेला. लोहारानं डोळे मिटले. घाव छिन्नीच्या बरोबर डोक्यावर बसला. "उठा उठा..." दुसरा घाव. "...रे सोबती." तिसऱ्या घावाला सळई तुटून दोन तुकडे खाली पडले.

लोहारानं डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो कुणी आणून दिला होता.

"सगळं लक्ष गाण्यात होतं माझं," ती म्हणाली. "मोजा बोटं."

तिनं हातोडा ऐरणीवर ठेवला. मग आत पाणी प्यायला जाता जाता, मागे न बघता म्हणाली, "सकाळी मला साडेसातला शाळा आहे. मी परत येईपर्यंत भाता तुम्ही ओढा."